पाण्याची मजुरी

गेल्या महिन्यात पेठ तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंचा फोन आला. नागलीची बिस्किटं आणि पापड करणारा हा गट. पॅकिंगची काही अडचण आली की मी तिकडे चक्कर टाकतो. "भाऊ, परदेशातून एक मॅडम येणार आहेत, सहा आठवडे. फुकट शिकवणार म्हणे, मार्केटिंग का काय ते. त्यांच्यासाठी काय काय तयार ठेवायचं?"

मी म्हटलं, दोन दिवस द्या, सांगतो. त्या दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसलो आणि माझंच एक जुनं प्रकरण उकरून निघालं. तेव्हा पाहुणा मी होतो, केनियात.

मी तिथे कसा पोहोचलो

सातपूर एमआयडीसीत २८ वर्षं क्वालिटीत काढली, वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. निवृत्तीनंतर निफाडकडे मेहुण्याच्या बेदाणा शेडवर जायला लागलो. डिपिंग ऑइल, रॅक, सावलीत बारा-पंधरा दिवस, चार किलो द्राक्षाला साधारण किलोभर बेदाणा, असं सगळं तिथे शिकलो. या दोन गोष्टी अर्जात एकत्र लिहिल्या आणि परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या एका संस्थेला मी पसंत पडलो.

अशा संस्थांचा इतिहास तसा जुना. ब्रिटनची व्हीएसओ १९५८ ची, अमेरिकेची पीस कोअर १९६१ ची, संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक शाखा १९७० ची. व्हीएसओच्या सुरुवातीला तर शाळा संपवून निघालेली पोरं जायची. आता मागणी असते ती हिशोबनीस, इंजिनिअर, डिझायनर अशांना. चार-सहा आठवडे या, तुमचं कौशल्य एखाद्या छोट्या सामाजिक उद्योगाला द्या आणि परत जा.

माझ्या वाट्याला आला केनियाच्या माकुएनी काउंटीतला सुका आंबा करणारा एक उद्योग. आसपासच्या शेतकऱ्यांकडून आंबा घ्यायचा, काप करून ड्रायरमध्ये वाळवायचे, पाकिटं नैरोबीच्या व्यापाऱ्याला. कामावर चौदा बाया, एक व्यवस्थापक बाई, एक हिशोब लिहिणारा मुलगा आणि एक स्वयंपाकीण. मागणीपत्रात एकच ओळ होती: मालात ओलावा राहतो, लॉट परत येतात, क्वालिटीचा माणूस हवा. मला वाटलं, हे तर आपलं रोजचं काम.

जाण्याआधीची धावपळ थोडक्यात सांगतो, कारण ती कुणी आधी सांगत नाही. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवू शकतात. मी त्यासाठी मुंबईला जाऊन आलो. दुसरं म्हणजे, तुम्ही एक पैसा घेत नसलात तरी तिथल्या कायद्याने ते कामच धरतात. पर्यटकाच्या कागदावर चालत नाही. विमानाचं तिकीट माझ्या खिशातून. खोली आणि दोन वेळचं जेवण त्यांच्याकडून.

पहिले दहा दिवस

भाषेची भीती होती, ती निम्मी पहिल्याच आठवड्यात गेली. स्वाहिलीत हिशोबाला हेसाबु, फायद्याला फाइदा, विम्याला बिमा, दुकानाला दुका, पैशाला पेसा. कर्जाला देनी म्हणतात, म्हणजे आपलं देणंच जणू. आंब्याला एंबे. फक्त एक जुळत नव्हतं: तिथे प्रत्येक पोक्त बाईला मामा म्हणतात. चौदा मामांमध्ये मी एकटा पुरुष, आणि मला म्हणायचे म्झे, म्हणजे वडीलधारा. अंगावर मूठभर मांस चढलं.

याच उत्साहात स्वाहिली आकडे पाठ करून मी स्वतःच सगळ्यांची बैठक ठरवली. तीन वाजता, सा ताटू. दुपारी तीनला वही घेऊन गेलो तर कुणी जागचं हललं नाही. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं: आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला, आणि सा ताटू म्हणजे सकाळचे नऊ. चौदाही जणी सकाळी नऊला हातातलं काम सोडून अर्धा तास बसून होत्या. मी तेव्हा खोलीत तक्ते आखत होतो. मला बोलवायला कुणी आलं नाही. म्झे कामात असतील, म्हणून. या शेवटच्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

दहा दिवसांत मी अकरा पानांची कार्यपद्धती लिहिली. लॅपटॉपवर लॉटवार तक्ता केला, नियंत्रण आलेख काढले, म्हणजे माल ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही ते दाखवणारे. नाशिकहून निघताना अंबडच्या एका मित्राच्या वर्कशॉपमधून स्टीलचं गो-नोगो गेज करून नेलं होतं, ते समारंभपूर्वक दिलं: काप सहा मिलिमीटरचा असावा, खाचेत बसला तर पास, नाही तर नापास. जाडीचा आग्रह उगाच नव्हता. फळाच्या आतलं पाणी बाहेर यायला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काप सहाचा नऊ झाला, म्हणजे दीडपट, तर वेळ सव्वादोन पट. एका ट्रेत दोन्ही जाडीचे काप असले की पातळ करपतात आणि जाड बाहेरून कडक होऊन आतून ओले राहतात. तेच ओले काप पाकिटात पुढे बुरशी धरतात.

प्रत्येक सूचनेवर उत्तर यायचं, "सावा." म्हणजे ठीक, चालेल. मी वहीत खूण करायचो: मान्य. नाशिकला कुणी "हो हो, करू की" म्हणालं तर त्यातून किती काम होईल हे मला बरोबर कळतं. समुद्र ओलांडल्यावर तेवढी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे.

ओला माल कधी निघतो

तिसऱ्या आठवड्यात आलेखांनी एक काम मात्र चोख केलं. सकाळी ड्रायरमधून निघणारे, रात्रभर आत राहिलेले ट्रे बहुतेक बरोबर असायचे. ओला माल निघायचा दुपारी चारच्या सुमाराला, आणि सगळ्यात जास्त शनिवारी. मी निदान केलं: घाई. शेवटची मटाटू, म्हणजे आपली काळी-पिवळी समजा, पाचला सुटते. बाया उरकतात आणि पळतात. शिस्त हवी. संध्याकाळच्या तपासणीचा एक रकाना वाढवला. पुन्हा सगळ्या म्हणाल्या, सावा.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. स्वयंपाकीण चपात्या लाटत होती, हो, तिथेही चपातीच म्हणतात, आणि मी मेहुण्याच्या शेडचे फोटो दाखवत होतो. तिने विचारलं, यांना पैसे कशावर देता? मी सांगितलं: द्राक्ष रॅकवर टाकायचं काम उक्तं, क्रेटवर; बाकी रोजाने. ती लाटणं थांबवून म्हणाली, "म्हणजे वाळलेल्या मालावर नाही?"

इथे वाळलेल्या मालाच्या किलोवर मजुरी होती. तीन आठवडे मी त्या शेडमध्ये वावरत होतो; जाडी मोजली, तापमान मोजलं, वेळ मोजली. मजुरी कशावर ठरते, हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. कारखान्यात पगार हे दुसऱ्या खात्याचं काम असतं, क्वालिटीवाला तिकडे बघत नाही.

त्या रात्री गणित मांडलं. आंब्याच्या गरात साधारण ८३ टक्के पाणी असतं. शंभर किलो कापांत घन भाग १७ किलो. ओलावा १५ टक्के ठेवून माल काढला तर वजन भरतं २० किलो. २० टक्क्यांवरच काढला तर सव्वाएकवीस. तो सव्वा किलो निव्वळ पाणी. आपण मात्र त्या पाण्याचीही मजुरी देत होतो, आणि वर ट्रे लवकर रिकामा होऊन बाई वेळेत मटाटू पकडत होती. शनिवारी आठवड्याचा हिशोब व्हायचा आणि पैसे फोनवर एम-पेसाने जायचे. ही सोय तिथे २००७ पासून आहे, भाजीवालीसुद्धा तीच वापरते. म्हणून शनिवारी माल जास्त ओला. यात लबाडी म्हणावी असं काही नव्हतं. ज्याचे पैसे मिळतात ते बायांनी दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापक बाईंना जरा तावातच विचारलं, ही पद्धत लावली कुणी? त्या उठल्या, कपाट उघडलं आणि एक जाड फाइल माझ्यापुढे ठेवली. आधीच्या एका हंगामात आलेल्या परदेशी स्वयंसेवकाचा अहवाल. त्याला काम दिलं होतं उत्पादन वाढवायचं. रोजंदारी बंद करून वाळलेल्या किलोवर मजुरी द्या, ही त्याची शिफारस. आलेख नीट काढलेले, पानांना क्रमांक, मागे जोडपत्रं. त्याच कपाटात खालच्या कप्प्यात माझी अकरा पानं होती, तशाच प्लास्टिकच्या कव्हरमध्ये.

"तुम्हाला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"हो."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, तोही तुमच्यासारखाच लांबून आला होता, स्वतःच्या खर्चाने. त्याच्यामुळे नुकसान झालं असं तुम्हाला सांगायचं, म्हणजे तुम्हालाही सांगितल्यासारखंच.

माझी दुरुस्ती आणि त्यांची

मी लगेच तोड काढली: मजुरी वाळलेल्या मालावर नको, ट्रेत भरलेल्या ओल्या कापांच्या किलोवर द्या. आता पाण्याचा मोह राहणार नाही. सोमवारी लागू. गुरुवारी ट्रे तपासले तर काप नऊ मिलिमीटरचे. सरळ आहे, किलोवर पैसे मिळणार असतील तर जाड काप सुरीखालून भराभर निघतात. मी पाण्याची मजुरी बंद करून जाडीची सुरू केली होती. आधीच्या स्वयंसेवकाला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या गुपचूप परत घेतल्या.

पुढचं मी केलेलं नाही. तिथे बायांच्या चामा असतात, म्हणजे आपली भिशीच: ठरलेल्या दिवशी पैसे गोळा करायचे, आळीपाळीने उचलायचे, अडल्या-नडल्याला उसने द्यायचे. त्या रविवारी चामाची बैठक होती. मला बोलावणं नव्हतं, म्हणून मी माकिंदूला गेलो. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून रेल्वे टाकायला हिंदुस्थानातून ३२,००० च्या आसपास मजूर नेले होते. त्या रेल्वेवर काम करणाऱ्या शिखांनी माकिंदूला १९२६ मध्ये बांधलेला गुरुद्वारा आहे. मोंबासा रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही तिथे लंगर मिळतो. डाळ-रोटी खाऊन दुपारभर बसलो. महिनाभरानंतर घरच्यासारखं जेवण मिळालं होतं, त्याचंही ते असेल, पण एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणाला काही शिकवायची खुमखुमी आली नाही.

सोमवारी व्यवस्थापक बाईंनी चामाचा निर्णय सांगितला. मजुरी एकेकीची नको, पाळीची एकत्र. आणि ती तयार मालावरच, पण आठवडाभर बंद बादलीत ठेवून मग तपासून पास झालेल्या मालावर. वाळलेलं फळ असं ठेवून रोज हलवलं की जास्त ओल्या तुकड्यातला ओलावा कोरड्यात जातो, आणि तरीही चिकटून बसतो तो माल कच्चा हे उघड दिसतं. बादल्यांची युक्ती माझ्या अकरा पानांतलीच होती, पान आठ. मजुरीशी तिची गाठ मी घातली नव्हती, ती त्यांनी घातली.

मी विरोध केला. २८ वर्षांचा अनुभव सांगत होता की एकत्र मजुरीत कामसू बाई मरते आणि आळशी बाई खाते. यावर सगळ्यात वयस्कर मामा हसली. कोण किती काम करतं हे चामाला ठाऊक आहे, म्हणाली, उसने देताना आम्ही तेच तर बघतो.

खरी अडचण निघाली वेगळीच, आणि ती माझ्या कुवतीबाहेरची. पास होईपर्यंत आठवडा थांबायचं, तर घर कसं चालायचं? रोज थोडी उचल द्यावी लागणार. त्यासाठी उद्योगाकडे आठवड्याभराचे पैसे हाताशी हवेत. ते नव्हते, कारण नैरोबीचा व्यापारी माल पोचल्यावर दीड महिन्याने पैसे द्यायचा. ओल्या मालाच्या मुळाशी जाताजाता आम्ही उधारीपाशी येऊन थांबलो. तिथून पुढे क्वालिटीच्या माणसाला काही कळत नाही. त्या हंगामापुरती चामानेच गंगाजळीतून उचल भागवली. तो भार त्यांनी उचलला, मी नाही, हे लिहून ठेवतो.

माझ्या शेवटच्या दहा दिवसांत मी दोनच कामं केली. एक, सुताराकडून पाट करून घेतले: दोन्ही कडांना सहा मिलिमीटरच्या पट्ट्या, त्यांवर सुरी टेकवून कापलं की काप आपोआप सहाचा. दुसरं, ओलावा मापायचं यंत्र मागवायचा विचार सोडून काट्यावरचा हिशोब भिंतीवर रंगवला. ट्रेत दहा किलो काप घाला. बाहेर काढून थंड करून वजन करा. दोन किलोच्या आसपास भरलं तर ठीक, दोन किलो शंभरच्या वर गेलं तर पुन्हा आत. थंड करणं महत्त्वाचं, कारण गरम काप हाताला नेहमीच मऊ लागतो आणि अंदाज चुकतो.

मी असेपर्यंत तीन लॉट गेले, तिन्ही पास झाले. तीन लॉटवर प्रक्रिया सुधारली असं कारखान्यात कुणी म्हटलं असतं तर मीच त्याला खोलीबाहेर काढलं असतं. पुढच्या हंगामात एक लॉट परत आला, असं नंतर कळलं.

मी त्यांना कितीला पडलो

स्वयंसेवक फुकट असतो हा समज आधी काढून टाकायला हवा. माझ्यासाठी व्यवस्थापक बाई दिवसाला तीन तास तरी द्यायच्या: दुभाषा म्हणून, फिरवायला, माझे प्रश्न ऐकायला. २५ कामाचे दिवस धरले तर ७५ तास. तेही जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन आंब्याच्या हंगामात, जेव्हा त्यांना आंब्याच्या गाड्यांपुढे श्वास घ्यायला फुरसत नव्हती. बरं, हंगाम सोडून गेलो असतो तर रिकामं शेड बघून आलो असतो. आज विचाराल तर सांगेन, सलग पाच आठवडे जाऊच नये. हंगामात दहा दिवस जावं, बघावं, तोंड बंद ठेवावं. मधले महिने घरून फोनवर बोलावं. मग हंगाम संपल्यावर, लोकांना वेळ असताना, दोन आठवडे पुन्हा जावं. दोनदा तिकीट पडतं, हे खरं. मला परवडलं नसतं कदाचित. पण मग ७५ तास त्यांना परवडले असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

परतल्यावर सहा महिन्यांनी व्हिडिओ कॉल केला. लॅपटॉपवरचा तक्ता बंद होता. हिशोब लिहिणारा मुलगा नोकरी सोडून मोंबासाला गेला होता आणि तो तक्ता उघडणं त्यालाच यायचं. पाट वापरात होते, दोनांच्या पट्ट्या झिजल्याने बदललेल्या. भिंतीवरचा हिशोब होता, त्यात कुणीतरी आंब्याच्या जातीप्रमाणे आकडे बदलून लिहिले होते; बरोबरच आहे, सगळ्या आंब्यांत पाणी सारखं नसतं, हे मला सुचायला हवं होतं. स्टीलचं गेज कुठे दिसेना. विचारलं तर व्यवस्थापक बाईंनी अभिमानाने कपाट उघडलं. मऊ कापडात गुंडाळून, कुलपात. एवढी महागाची भेट बायांच्या हातात कशी द्यायची? पाहुणे आले की बाहेर काढून दाखवतो, म्हणाल्या.

नाशिकला एका मंडळाने माझा सत्कार केला होता, शाल-श्रीफळ देऊन. गंगापूर रोडला, चांगली शंभरेक माणसं. पाण्याच्या मजुरीचं गणित मी फळ्यावर करून दाखवलं, टाळ्या पडल्या. आधीच्या स्वयंसेवकाचा किस्साही रंगवून सांगितला. नऊ मिलिमीटरचा गुरुवार मात्र गाळला.

पेठच्या ताईंना शेवटी परवा फोन केला. म्हटलं, मॅडम येण्याआधी त्यांच्याशी दोनदा फोनवर बोला. गटात पैसे कुणाला, कशावर आणि कधी मिळतात, हे त्यांना आधी सांगा, त्या विचारोत की न विचारोत. याआधी कुणी येऊन काही बदलून गेलं असेल तर तेही सांगा, भीड ठेवू नका. आणि त्यांच्यासोबत रोज कोण बसणार, किती तास, ते आत्ताच ठरवा. त्या बाईचा रोज गटाने धरायचा.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग विचारलं, "भाऊ, त्या येणार जुलैत. तेव्हा आमची नागलीची लावणी. सगळ्या बाया चिखलात असतील. महिना बदलून मागितला तर राग येईल का त्यांना?"

मी म्हटलं, मागून तर बघा.

"तुम्हीच लिहून द्या ना इंग्रजीत," ताई म्हणाल्या. "पण लावणीचं कारण लिहू नका. त्यांना वाईट वाटेल."